कोलेस्टेरॉलचे स्फटिक आणि सीआरपी: रक्तवाहिनीच्या भिंतीत नेमकं काय चालतं?

सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते कोविडच्या काळात. डी-डायमर, फेरिटिन आणि एचआरसीटी स्कोअर यांच्या बरोबरीने त्याचाही आकडा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायचा. साथ ओसरली, सीआरपी मात्र राहिला. आता तो ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी या नावाने येतो, ‘हृदयविकाराचा धोका’ अशा मथळ्याखाली छापला जातो आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, व्यवस्थित असलेल्या माणसालाही ठळक अक्षरांत घाबरवून जातो. कोलेस्टेरॉल ठीक आहे, तर हा आकडा कशाचा?

गाभा आधीच सांगून टाकतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचलं की त्याचे बारीक स्फटिक धरतात. रक्तातली काही प्रथिनं या स्फटिकांना चिकटतात आणि मग शरीर त्यांच्यावर जंतू समजून तुटून पडतं. त्या झटापटीचा निरोप यकृतापर्यंत जातो, यकृत सीआरपी तयार करतं, आणि तोच सीआरपी रक्तातून फिरत पुन्हा स्फटिकांवर जाऊन बसतो. रिपोर्टमधला आकडा या फेऱ्याच्या एका टप्प्यावर मोजलेला असतो. कुठला टप्पा, हे कळलं की आकडा वाचणं सोपं जातं.

आधी दोन शब्द

दाह म्हणजे इन्फ्लमेशन. जखम झाली किंवा जंतू शिरले की शरीर तिथे पांढऱ्या पेशी आणि प्रथिनं धाडतं, ती प्रतिक्रिया. प्लाक म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेला चरबी, मृत पेशी, तंतू आणि कॅल्शियम यांचा थर. बोलीत आपण ‘ब्लॉकेज’ म्हणतो, पण त्यामुळे पाइपात गाळ बसल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि ते चुकीचं आहे. प्लाक नळीच्या पोकळीत बसत नाही, तो भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतो. पुढचं सगळं नाट्य त्या अस्तराखालचं आहे.

स्फटिक धरतात कसे?

कोलेस्टेरॉल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. रक्तात ते एलडीएलसारख्या कणांत बसून प्रवास करतं. एलडीएलचे कण अस्तरातून आत शिरतात, भिंतीतल्या तंतूंना अडकतात आणि तिथे त्यांच्यात रासायनिक बदल होतात. असे बिघडलेले कण मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात. गिळलेल्या कोलेस्टेरॉलला जोडलेलं मेदाम्ल पेशीच्या पोटात सुटतं आणि मोकळं कोलेस्टेरॉल उरतं. त्याची विल्हेवाट लावायला पेशीकडे दोनच वाटा: पुन्हा मेदाम्ल जोडून थेंबाच्या रूपात साठवायचं, किंवा एचडीएल या ‘चांगल्या’ कणांच्या हवाली करून बाहेर पाठवायचं. आवक फार झाली की दोन्ही वाटा तुंबतात.

पुढे काय होतं ते खडीसाखर करताना पाहिलेलं असतं. पाकात साखर मावेल त्याहून जास्त झाली आणि दोरा मिळाला की तिथे खडा धरायला लागतो, आणि एकदा धरला की वाढतच जातो. पेशींच्या पापुद्र्यांत मोकळं कोलेस्टेरॉल असंच मावेनासं होतं आणि पाण्याचा एकेक रेणू सोबत घेऊन त्याचे पातळ पत्रे आणि सुया धरतात. भरीला भक्षक पेशी मरतात आणि त्यांचं कोलेस्टेरॉल तिथेच सांडतं. प्लाकमध्ये नव्याने फुटलेल्या नाजूक केशवाहिन्यांतून रक्त झिरपलं तर आणखी भर पडते, कारण तांबड्या पेशींच्या आवरणात मोकळं कोलेस्टेरॉल भरपूर असतं.

हे इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही?

दिसलं होतं, पण रिकाम्या जागेच्या रूपात. प्लाकमध्ये कोलेस्टेरॉल असतं हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत तसेच थर तयार करून दाखवले. पण पॅथॉलॉजीची काचपट्टी बनवताना ऊतकातलं पाणी काढायला अल्कोहोल वापरतात, आणि अल्कोहोलमध्ये कोलेस्टेरॉल विरघळतं. त्यामुळे काचपट्टीवर स्फटिकाच्या जागी फक्त टोकदार पांढरी फट उरायची. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी ‘कोलेस्टेरॉल क्लेफ्ट’ म्हणून ती फट ओळखायला शिकले, परीक्षेत चित्र काढून मार्क मिळवले, आणि फटीत जे होतं त्याच्याकडे प्लाक जुना झाल्याची खूण म्हणूनच पाहिलं गेलं.

मिशिगन राज्य विद्यापीठातले जॉर्ज अबेला यांच्या गटाने अल्कोहोल टाळून, निर्वातात वाळवून नमुने तयार केले, तेव्हा स्फटिक जागेवर दिसले. हार्ट अटॅकने दगावलेल्यांच्या प्लाकमध्ये त्यांची टोकं अस्तर भेदून बाहेर आलेली होती. कोलेस्टेरॉल स्फटिकरूप घेताना आकारमान वाढतं, हेही या गटाने परीक्षानळीत दाखवलं. बंद जागेत पसरणाऱ्या सुया वरचं पातळ आवरण फाडू शकतात, हा त्यांचा मुद्दा. आता जिवंत रुग्णातही, अँजिओग्राफीच्या वेळी रक्तवाहिनीत सोडलेल्या ओसीटी (प्रकाशकिरणांनी भिंतीचं चित्र घेणाऱ्या) कॅमेऱ्याला हे स्फटिक चकाकत्या बारीक रेषांसारखे दिसतात.

पण टोचणं ही गोष्टीची एकच बाजू झाली, आणि माझ्या मते तुलनेने उशिराची. त्याआधी कितीतरी वर्षं हे स्फटिक रासायनिक पातळीवर त्रास देत असतात.

प्रथिनं चिकटतात तेव्हा

सीआरपीचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी लावला. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातला एक पदार्थ न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला चिकटून साका धरतो, असं त्यांना आढळलं. जंतूच्या अंगावरची विशिष्ट रासायनिक खूण ओळखून तिला चिकटायचं, हे या प्रथिनाचं मूळ काम.

त्याची रचना या कामाला साजेशी आहे. पाच सारखे तुकडे गोल कडं करून बसलेले असतात. कड्याची एक बाजू कॅल्शियमच्या मदतीने लक्ष्याला चिकटते. दुसरी बाजू मोकळी राहते, आणि तिथे सी-वन-क्यू नावाचं प्रथिन येऊन बसतं. म्हणजे एका बाजूने ‘हे पकडलंय’ आणि दुसऱ्या बाजूने ‘पुढच्यांना बोलवा’, अशी दुहेरी सोय आहे. मरणाऱ्या पेशींच्या फाटलेल्या आवरणांना आणि बिघडलेल्या एलडीएललाही सीआरपी चिकटतो. कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांनाही तो चिकटतो, हे प्रयोगशाळेत दाखवून झालं आहे. माणसाच्या प्लाकमध्ये सीआरपी आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिन-साखळीचं अखेरचं संकुल एकाच जागी आढळलं आहे.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात कायम फिरणाऱ्या तीसएक प्रथिनांची साखळी. एरवी ती निष्क्रिय असतात; एक जागं झालं की ते पुढच्याला कापून जागं करतं. सी-वन-क्यू स्फटिकावर घट्ट बसलं की क्रम असा चालतो:

सी-वन-क्यूला जोडलेली कात्रीसारखी दोन विकरं (एन्झाइम) सी-फोर आणि सी-टू ही प्रथिनं कापतात. त्यांच्या तुकड्यांपासून तयार झालेलं यंत्र सी-थ्री कापतं. सी-थ्री रक्तात भरपूर असतं, लिटरमागे साधारण एक ग्रॅम, त्यामुळे इथे प्रकरण झपाट्याने वाढतं. सी-थ्रीचे तुकडे स्फटिकाच्या अंगावर दाट चिकटतात, आणि भक्षक पेशींकडे नेमके हेच तुकडे ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. पुढे सी-फाइव्ह फुटतं. त्याचा छोटा तुकडा, सी-फाइव्ह-ए, आणखी पांढऱ्या पेशींना ओढून आणतो आणि त्यांना चेतवतो. मोठा तुकडा इतर प्रथिनांना सोबत घेऊन ते अखेरचं, पेशीच्या आवरणाला भोक पाडू शकणारं संकुल बांधतो.

सीआरपी नसला तर हे थांबतं का? नाही. सी-वन-क्यू थेटही स्फटिकावर बसू शकतं. आयजीएम प्रतिपिंडं बसतात, आणि फिकोलिन व एमबीएल ही शर्करा ओळखणारी प्रथिनं कॉम्प्लिमेंट दुसऱ्या दाराने सुरू करतात. शिवाय ब्रेकही आहेत. फॅक्टर एच हे प्रथिन स्फटिकावर बसून साखळी रोखतं, आणि सीआरपी फॅक्टर एचलाही धरून आणू शकतो. त्यामुळे सीआरपीला सरसकट खलनायक म्हणणं घाईचं होईल. एकाच स्फटिकावर चेतवणारी आणि थोपवणारी प्रथिनं शेजारी शेजारी असतात. पारडं कुणीकडे झुकतं यावर पुढचं ठरतं.

आणखी एक गुंतागुंत. चेतवलेल्या पेशीच्या आवरणावर सीआरपीचं कडं सुटून त्याचे पाच तुकडे मोकळे होऊ शकतात. हे एकेकटे तुकडे कड्यापेक्षा जास्त दाहक मानले जातात. ते रक्तात फारसे विरघळत नाहीत, जागेवरच चिकटून राहतात, आणि लॅबची नेहमीची चाचणी ते मोजत नाही.

पेशीच्या पोटात

प्रथिनांनी माखलेला स्फटिक भक्षक पेशी गिळते. जंतू असता तर तो पचला असता. स्फटिक पचत नाही. ज्या पिशवीत तो घेतला, तिचा पापुद्रा फाटतो आणि आतली पाचक विकरं पेशीत सांडतात. त्या गडबडीत एनएलआरपी-थ्री इन्फ्लमसोम नावाचं यंत्र जुळून येतं आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप्या कापून सक्रिय करतं. कोलेस्टेरॉलचे स्फटिक हे यंत्र चालू करतात, हे २०१० साली ‘नेचर’मधल्या संशोधनाने दाखवलं, उंदरांमध्ये अगदी सुरुवातीच्या प्लाकमध्येही असे बारीक स्फटिक होते. त्याआधी २००६ मध्ये गाऊटमधल्या युरिक ॲसिडच्या स्फटिकांबद्दल हेच सिद्ध झालं होतं. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत सुजतो आणि हृदयाची रक्तवाहिनी वर्षानुवर्षं धुमसते, पण आतली यंत्रणा एकच.

इथे रक्तातली प्रथिनं का निर्णायक ठरतात ते पाहण्यासारखं आहे. हे यंत्र चालायला दोन इशारे लागतात. पहिल्याने पेशी कच्चा माल तयार ठेवते, दुसऱ्याने यंत्र सुरू होतं. स्फटिक दुसरा इशारा देतो. पेशी-प्रयोगांत पहिला इशारा म्हणून जंतूंचा एखादा घटक वेगळा घालावा लागायचा. पण रक्तवाहिनीच्या भिंतीत जंतू कुठून आणायचे? २०१४ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या गटाने माणसाच्या रक्तातच स्फटिक मिसळून पाहिले. कॉम्प्लिमेंट चालू असताना दाहाचे निरोपे भराभर निघाले. कॉम्प्लिमेंट रोखल्यावर ते खूप घटले. स्फटिकावर जागं झालेलं कॉम्प्लिमेंटच पहिला इशारा पुरवतं आणि गिळण्यालाही मदत करतं, असा त्याचा अर्थ.

इंटरल्युकिन-१ बीटा पुढे इंटरल्युकिन-६ तयार करवतं. ते रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत सीआरपी बनवू लागतं. फेरा पूर्ण.

मग सीआरपी कमी केला की झालं?

स्वाभाविक शंका, आणि तिचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे: नाही. काही लोकांमध्ये जन्मतःच जनुकीय फरकामुळे सीआरपी आयुष्यभर थोडा जास्त असतो. सीआरपीच हृदयविकाराचं कारण असता, तर या लोकांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. २००९ ते २०११ या काळातल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत तसं दिसलं नाही. उलट इंटरल्युकिन-६चा निरोप जन्मतःच मंद पोचणाऱ्या लोकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कळ वरच्या अंगाला, इंटरल्युकिनच्या निरोपात आहे. रक्तातला सीआरपी हे तिचं मोजमाप आहे. प्लाकच्या आत, स्फटिकावर बसलेला सीआरपी आगीत थोडं तेल ओतत असेलही, पण त्याला उपचाराचं लक्ष्य करण्याइतका पुरावा नाही. ‘सीआरपी उतरवणारा काढा’ विकणाऱ्यांकडे तर मुळीच नाही.

रिपोर्ट वाचताना

साधी सीआरपी चाचणी संसर्ग शोधण्यासाठी असते; एचएस म्हणजे अगदी कमी प्रमाण अचूक मोजणारी. प्रथिन तेच. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी विभागणी वापरतात. १० च्या वर आकडा आला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवायचा आणि संसर्ग किंवा इजा शोधायची.

एकक जरूर पाहा. काही लॅब लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. दोन्हींत दहापटीचा फरक पडतो. डेसिलिटरमागे ०.४ हा आकडा दिसायला किरकोळ, पण तो लिटरमागे ४ आहे.

सीआरपीचा अर्धायुकाल सुमारे १९ तासांचा असतो आणि आजार कोणताही असो, तो जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे रक्तातली पातळी यकृत किती बनवतंय यावरच ठरते. संसर्ग झाल्यावर काही तासांत ती चढू लागते आणि साधारण ४८ तासांत शिखर गाठते. सर्दी-ताप, चिकनगुनिया, दातांचं काम, हिरड्यांची सूज, पडझड, शस्त्रक्रिया यांनंतर लगेच केलेली चाचणी हृदयाबद्दल काहीच सांगत नाही. किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घ्यावी. पोटाचा घेर, तंबाखू आणि पोटातून घ्यायची इस्ट्रोजेनची औषधं यांनीही आकडा वर राहतो. संधिवातासारखा जुना दाहक आजार असेल, तर ही चाचणी हृदयासाठी वाचणं अवघड जातं.

आणि आकडा १ च्या खाली असला म्हणून एलडीएल १८० चालेल असं नव्हे. स्फटिकांना माल एलडीएलच पुरवतं.

औषधांनी काय सिद्ध केलं?

२०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण होते. त्यांना इंटरल्युकिन-१ बीटा रोखणारं कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी टोचलं. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. एलडीएल हललंसुद्धा नाही. दाह हे नुसतं लक्षण नसून कारणांपैकी एक आहे, याचा माणसांतला इतका थेट पुरावा आधी नव्हता. किंमतही मोजावी लागली: जीवघेणे संसर्ग वाढले. अमेरिकेत हृदयासाठी या औषधाला मंजुरी मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाची चाचणी फसली, आणि ते फसणं बोलकं आहे. ४,७८६ रुग्णांत त्या औषधाने इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ आणि सीआरपी यांपैकी काहीच उतरलं नाही, आणि हृदयालाही फायदा झाला नाही. दाह कमी करणारं कुठलंही औषध चालेल असं नाही. योग्य साखळी तुटली पाहिजे.

मग आलं कोल्चिसीन, गाऊटचं जुनं औषध. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी फुलते, तिच्या कंदात आणि बियांतही हेच द्रव्य असतं. ते पांढऱ्या पेशींच्या हालचालीला आणि इन्फ्लमसोमच्या जुळणीला अडथळा आणतं. रोज ०.५ मिलिग्रॅम दिल्यावर २०१९ च्या ‘कोलकॉट’ आणि २०२० च्या ‘लोडोको-टू’ चाचण्यांत नवे झटके कमी झाले. दुसऱ्या चाचणीत ९.६ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर. २०२३ मध्ये अमेरिकेने या मात्रेला मंजुरी दिली. पण २०२४ मध्ये हार्ट अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्यामुळे सगळ्यांना सरसकट गोळी, असा निष्कर्ष निघत नाही.

कोल्चिसीनची उपचाराची आणि विषबाधेची मात्रा एकमेकींपासून फार लांब नाहीत. मूत्रपिंड अधू असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सोबत चालू असेल, तर नेहमीची मात्राही शरीरात साचून अंगावर येऊ शकते. कळलावीचा कंद ‘नैसर्गिक’ म्हणून खाणं म्हणजे मात्रा न मोजता विष घेणं. तशी माणसं दगावलेली आहेत.

स्फटिक विरघळवूनच टाकता येत नाहीत का?

प्रयत्न झाले आहेत. सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची शर्करेची पोकळ कडी कोलेस्टेरॉलचा रेणू आपल्या पोटात घेते. २०१६ मध्ये उंदरांत तिने प्लाक आणि स्फटिक दोन्ही कमी केले. पण मोठ्या मात्रेत ती कानाच्या आतल्या पेशींना इजा करते आणि ऐकू येणं कमी होतं, म्हणून हृदयासाठी ती अजून दवाखान्यात पोचलेली नाही. कॉम्प्लिमेंट पूर्ण रोखणारी औषधं इतर आजारांसाठी आहेत, पण त्यांनी मेनिंजायटिससारख्या संसर्गाचा धोका इतका वाढतो की आधी लस द्यावी लागते. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाला ती वर्षानुवर्षं देणं परवडणारं नाही.

हाताशी असलेला खात्रीचा उपाय म्हणजे खडीसाखरेचा तो पाक पातळ करणं, अर्थात एलडीएल उतरवणं. हृदयविकार सिद्ध झालेल्यांसाठी युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं एलडीएल डेसिलिटरमागे ५५ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला सांगतात. स्टॅटिन गोळ्या एलडीएल उतरवतात, शिवाय सीआरपीही खाली आणतात. ‘ज्युपिटर’ या २००८ च्या चाचणीत एलडीएल १३० च्या आत पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या १७,८०२ लोकांवर रोसुव्हास्टॅटिन वापरलं, आणि झटके व पक्षाघातासारख्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातला किती वाटा एलडीएल उतरल्याचा आणि किती दाह शमल्याचा, यावर हृदयरोगतज्ज्ञांचे वाद अजून चालू आहेत. गोळी घेणाऱ्याला दोन्ही एकत्रच मिळतात.